चीनला निघालात? आधी बँकेत जाऊन या

चीनमध्ये नोटा चालतच नाहीत, अशी आवई आपल्याकडे पसरली आहे. तसं काही नाही, नोट नाकारायला तिथे कायद्याने मनाई आहे. पण शंभर युआनची लाल नोट पुढे केली की ग्वांगझोउतला नूडलवाला आधी आपल्या गल्ल्याकडे बघतो, मग शेजारच्या दुकानाकडे. सुटे कोणाकडेच नसतात. सगळा कारभार मोबाइलवर, आणि मोबाइलवर म्हणजे दोनच ॲपवर: अलीपे नाहीतर वीचॅट पे. आपला यूपीआय नेपाळ, सिंगापूर, दुबई करत पॅरिसच्या आयफेल टॉवरपर्यंत गेला, पण इथे त्याचा काही उपयोग नाही.

कँटन फेअर, म्हणजे ग्वांगझोउतला मोठा व्यापारमेळा, जवळ आला की मला इथे गावाकडून फोन सुरू होतात. 1957 पासून भरणारी ही जत्रा वर्षातून दोनदा असते, वसंतात आणि शरदात. जळगाव एमआयडीसीतले चटईवाले आणि पाइपवाले मशिनरी बघायला येतात. त्यांचे प्रश्न हॉटेलचे असतात, जेवणाचे असतात. पैसे कसे द्यायचे, हे कोणी विचारत नाही. गोलाणी मार्केटमध्ये चहाचे दहा रुपये स्कॅन करून देणाऱ्याला तो प्रश्न पडतच नाही.

परदेशी माणसासाठी पूर्वी इथे खरोखर अवघड होतं, कारण या ॲपना चिनी बँकेचं खातं लागायचं. 2023 च्या जुलैपासून व्हिसा, मास्टरकार्डसारखी परदेशी कार्डं दोन्ही ॲपना थेट जोडता येऊ लागली. 2024 मध्ये एका व्यवहाराची मर्यादा 1,000 डॉलरवरून 5,000 झाली, वर्षाची 10,000 वरून 50,000. जर्मन किंवा ऑस्ट्रेलियन माणूस घरी सोफ्यावर बसून ॲप घेतो, पासपोर्टचा फोटो टाकतो, कार्ड जोडतो आणि विमानात बसतो.

आपली गंमत वेगळी आहे. भारत सरकारने 2020 च्या जूनमध्ये वीचॅटवर आणि सप्टेंबरमध्ये अलीपेवर बंदी घातली. आपल्या प्ले स्टोअरवर ही ॲप सापडत नाहीत, म्हणजे जळगावात बसून तयारी करायची सोयच नाही. चीनमध्ये उतरलात तर तिथल्या नेटवर्कवर गूगल बंद, व्हॉट्सॲपही बंद. म्हणून भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेऊनच निघा. रोमिंगचा डेटा चीनने इंटरनेटभोवती घातलेल्या बंदीच्या भिंतीबाहेरून फिरून येतो, त्यामुळे व्हॉट्सॲप चालतं, आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. अँड्रॉइडवर उतरल्यावर अलीपेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ॲप घेता येतं. आयफोनवाल्यांचं काम वाढतं. ॲप स्टोअरचा देश भारत असेल तर ॲप दिसत नाही, वेगळ्या देशाचा ॲपल आयडी लागतो. त्यापेक्षा घरात एखादा जुना अँड्रॉइड पडला असेल तर तोच बॅगेत टाका.

आमचे दाजी, मूळ अमळनेरचे, चटईचा कारखाना जळगावात, गेल्या वेळी आले तेव्हा ॲप चढलं, पासपोर्टही मान्य झाला. कार्डावर मात्र गाडी अडली. ‘आते हाई काय नवं लफडं शे भो?’ म्हणून माझ्याकडे असे बघायला लागले की जणू चीनचा कारभार मीच चालवतो. लफडं चीनचं नव्हतंच. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाने आपल्याकडचं नवं कार्ड फक्त देशात चालू असतं. परदेशासाठी आपणच बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून ते सुरू करून घ्यायचं. दाजींनी ते केलं नव्हतं, आणि त्यांच्या बँकेचा मदत क्रमांक गाणं ऐकवत बसला. शेवटी जळगावहून त्यांच्या मुलाने शाखेत चक्कर मारली, तोवर दाजींच्या जेवणाचे पैसे मी भरत होतो. (त्यांना तिखटाशिवाय चालत नाही, आणि ग्वांगझोउचं जेवण सौम्य. हा दुसऱ्या लेखाचा विषय.)

दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. चीनमधला व्यवहार दिसला की काही बँका संशयाने तो थांबवतात, अशा वेळी दुसरं कामाला येतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडे तिथे वडिलांचं नावही जोडलेलं असतं, ते गाळू नका.

आता खर्च. दोनशे युआनपर्यंत ॲप काही घेत नाही, त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर तीन टक्के. युआन बारा-तेरा रुपयांचा धरा, म्हणजे अडीच हजारांच्या आसपासची ही सीमा झाली. शिवाय आपली बँक परकी चलनाचं शुल्क लावते ते निराळं. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या घरात, वर जीएसटी. हे कळल्यावर दाजींनी हॉटेलातलं तीनशेचं बिल दोनदा दीडशे-दीडशे करून द्यायला सुरुवात केली. काउंटरवरची पोरगी हसली, पण तिने घेतलं. व्यापारी माणसाला हे सांगावं लागत नाही.

दुकानात पैसे देण्याच्या दोन तऱ्हा. एकतर तुम्ही दुकानदाराचा कोड स्कॅन करता, नाहीतर तुमच्या फोनवरचा कोड तो स्कॅन करतो. मेट्रोसाठी अलीपेतच शहर निवडून प्रवासाचा कोड काढता येतो. अडतं ते रस्त्यावरच्या फळवालीकडे. तिचा कोड दुकानाचा नसून स्वतःच्या खात्याचा असेल तर परदेशी कार्डावरून पैसे जात नाहीत, कारण व्यक्तीला रक्कम पाठवायची मुभा आपल्याला नाही. तिच्यासाठी पाच-दहाच्या नोटा खिशात असू द्या. मशीनचा ॲडव्हान्स मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी ॲपवरून देऊ नका. आयातीचे पैसे आपल्या बँकेतूनच कागदोपत्री जाऊ द्या.

येत्या एप्रिलला रावेरहून केळी पॅकिंगची यंत्रं बघायला येणाऱ्या मंडळींनो, तुमच्यापैकी बहुतेकांकडे सहकारी बँकेचं रुपे कार्ड आहे. त्याच्या भरवशावर निघू नका. याच आठवड्यात व्हिसा किंवा मास्टरकार्डचा अर्ज टाका, घरी आलं की परदेशी वापर सुरू करा आणि मर्यादा किती ठेवली आहे ते एकदा बघून घ्या. ॲपचं आपण इथे उतरल्यावर विमानतळावरच बसून उरकू.