टाकलेल्या अन्नाची वही

किराण्याचा खर्च लिहून ठेवण्याची सवय मला बरीच वर्षे आहे. पण त्या वहीमुळे खर्च कधी कमी झाला नाही, कारण किती पैसे गेले एवढेच ती सांगत असे. म्हणून एक महिनाभर मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर वेगळी नोंद ठेवली: घरातून कोणता खाद्यपदार्थ टाकला, किती टाकला आणि का टाकला. पिवळी पडलेली पालेभाजी, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेले शिजवलेले अन्न आणि सवलत पाहून उचललेली मोठी पाकिटे, या तिघांनीच बहुतेक पाने भरली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळजवळ ६० टक्के घराघरांतून गेले. त्यात साली आणि हाडेही धरलेली आहेत, हे मान्य करूनही माझी पाने पाहताना तो आकडा मला परका वाटला नाही.

मोठे पाकीट किलोमागे बहुधा स्वस्त पडते, हे खरे. मात्र हिशेब विकत घेतलेल्या वजनावर न करता खाल्लेल्या वजनावर केला की चित्र पालटते. एक किलोतील पाव किलो फेकावे लागले, तर उरलेल्या पाऊण किलोलाच सगळी किंमत पडते, म्हणजे भाव एक तृतीयांशाने वाढतो. त्या पाकिटावर २० टक्के सवलत मिळाली असली तरी तो व्यवहार तोट्याचाच ठरतो. त्यामुळे धान्य, कडधान्ये आणि मीठ मी मोठ्या प्रमाणात घेते, पण दळलेले मसाले आणि सुकामेवा, त्यांचा वास उडतो किंवा ते खवट होतात म्हणून, लहान पाकिटांतच घेते.

खरी बचत मला साठवणुकीत सापडली. पिकलेली केळी आणि सफरचंदे इथिलीन वायू सोडतात आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. ही साधी गोष्ट कळेपर्यंत मी दोष भाजीवाल्याला देत होते. आता फळे वेगळी असतात, भाजी कोरडी करून कापडात गुंडाळलेली असते आणि बटाटे कांद्यांपासून दूर, अंधाऱ्या जागी असतात. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात घालून आत ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. भाताच्या बाबतीत तर हे विशेष पाळावे, कारण त्यातील काही जीवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात आणि भात बाहेर राहिला की वाढू लागतात. नंतर कितीही गरम केले तरी त्यांनी तयार केलेले विष जाईलच असे नाही. काटकसरीच्या नावाखाली असा भात खाऊ घालणे मला मुळीच पटत नाही.

आठवडाभराच्या जेवणाचा तक्ता भिंतीवर लावण्याचा प्रयोग मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो बुधवारपर्यंत मोडला. आता मी चारच दिवसांचे ठरवते आणि उरलेले दिवस उरलेल्या अन्नासाठी मोकळे ठेवते. कोरडी कडधान्ये शिजल्यावर वजनाने दुपटीहून अधिक होतात आणि डब्यातील तयार कडधान्यांपेक्षा सहसा बरीच स्वस्त पडतात, म्हणून मी ती रात्री भिजवून एकदम शिजवते आणि थोडी थोडी वेगळी करून गोठवून ठेवते. राजमा मात्र भिजवलेले पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर ठेवू नये, कारण कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारे द्रव्य असते. इंधनाविषयी एवढेच की भांड्यावर झाकण असावे आणि उकळी आली की आच कमी करावी; उकळते पाणी आच वाढवली म्हणून अधिक तापत नाही.

खरेदीच्या आदल्या रात्री नवे काहीच आणायचे नाही, घरात जे आहे त्यातूनच जेवण करायचे, हा नियम सर्वांत उशिरा आला. त्यात कधी अर्धे गाजर, दोन बटाटे आणि वाटीभर डाळ एकाच पातेल्यात जाते. त्या पदार्थाला घरात अजून नाव मिळालेले नाही, पण पातेले रिकामे होते.