अंगठा हलव

रविवारी घरी दाल-बाफले होते. भाच्याच्या ताटात बाफला कुस्करून मी वरून तूप सोडत होते, तेवढ्यात त्यानं नाक चिमटीत धरलं आणि डोळे मोठे करून बसला.

"काय रे, वास येतोय का तुपाला?"

"नाही गं मावशी. चेक करून राहिलोय, जागा आहे की स्वप्नात."

स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास चालूच राहतो म्हणे. दिवसभर ही खोड लावून घेतली की कधीतरी स्वप्नातही हात आपसूक नाकाकडे जातो, आणि स्वप्न चालू असतानाच माणसाला कळतं की हे स्वप्न आहे. मग काय, आपलंच राज्य. हवं तिथं जा, वाटलं तर उडा. नाक नको असेल तर तळव्यात बोट खुपसून बघायचं, नाहीतर लिहिलेलं काहीतरी दोनदा वाचायचं. स्वप्नात दुसऱ्यांदा वाचलं की मजकूर बदललेला असतो. या अभ्यासासाठी त्यानं उशाशी वही ठेवलीय. पाचचा अलार्म लावून तो उठतो, थोडा वेळ जागतो आणि मुद्दाम पुन्हा झोपतो. हा मुलगा इंदूरला भंवरकुआंच्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आलाय, हे त्याच्या आईला अजून तरी तसंच वाटतंय. आणि खरं सांगायचं तर दाल-बाफल्यानंतर अर्ध्या तासानं ही नाकाची परीक्षा घेतली असती, तर आमच्या घरातलं एकही माणूस पास झालं नसतं.

"आणि परवा पहाटे स्लीप पॅरालिसिस झाला," हे त्यानं दुसरा बाफला घेता घेता सांगितलं. डोळे उघडे, खोली दिसतेय, हात हलत नाही, तोंडातून आवाज नाही, आणि दाराशी कोणीतरी उभं. "फुल सिनेमा, मावशी!"

आमच्या घरात या सिनेमाला मुंजा म्हणत.

रामबागेतल्या आमच्या वाड्यामागं पिंपळ होता, त्यामुळे मुंजाच्या पत्त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. तो यायचा तो बहुतेक आप्पाकाकाकडे. काका कापडाच्या मिलमध्ये, मागांच्या खात्यात. एक आठवडा दिवसपाळी, मग रातपाळी, मग पुन्हा उलट. रातपाळी असली की सकाळी तो सायकल ओसरीला टेकवायचा, आंघोळ करायचा, चार घास खायचा आणि माजघरात आडवा व्हायचा. कानाच्या पाळीला, भुवयांना कापसाची बारीक लव चिकटलेली असायची. आंघोळीनंतरही थोडी उरायचीच. खिडकीला घोंगडी टांगून आजी माजघरात रात्र करायची आणि आम्हा पोरांना ओसरीवर हाकलायची. पण घर कितीसं गप्प बसणार? विळीवर भाजी चिरली जायची, पितळेचं पातेलं मोरीत आपटायचं, बोहारीण दारात उभी राहायची. दुपारी कधीतरी आतून आवाज यायचा. ओरडणं नव्हे, घोरणंही नव्हे, बंद तोंडातून येणारं एक लांबलचक कण्हणं. आजी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "जा गं, अंगठा हलव."

ते काम माझं. पायाचा अंगठा धरून हलवायचा, तोही उजवा. नावानं हाक मारायची नाही, अंगावर वाकायचं नाही. यामागं काय शास्त्र होतं ते आजीच जाणे, पण अंगठा हलवला की काका खाडकन उठून बसायचा, घामानं बनियन चिंब. मी पाण्याचा तांब्या द्यायची. एकदा मी विचारलं, छातीवर मुंजा कसा दिसतो? काका म्हणाला, "मुंजा कसला, आमचा जॉबर बसलेला असतो." जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम.

मला फार नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. जपानात याच अनुभवाला कानाशिबारी म्हणतात, तिथं कोणीतरी माणसाला करकचून बांधून टाकतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण येऊन छातीवर बसते, तुर्कस्तानात काराबासान. ज्याला ज्याची धास्ती, तो येतो. काकाच्या आयुष्यात मुंजाला फारसं काम नव्हतं. जॉबरला होतं.

आजीनं यावर उपाय केले होते. मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या, रामरक्षा झाली, शेवटी लोखंड हवं म्हणून काकाच्या उशीखाली अडकित्ता गेला. त्यानं मुंजा थांबला नाही, पण जेवणानंतर आजोबांना सुपारी मिळेनाशी झाली. झोपलेल्या काकाच्या उशीखाली हात घालायची कोणाची छाती नव्हती. आजोबा अख्खी सुपारी गालात धरून चिडचिड करत ओसरीवर फेऱ्या मारायचे.

खरा उपाय पाळीची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हातात होता. आपण स्वप्नं बघतो त्या झोपेत डोळ्यांची बुबुळं पापण्यांखाली भराभर फिरतात. हे १९५३ साली शिकागोच्या यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी छापून आणलं. असेरिन्स्कीनं तारा डकवून आधी झोपवलं होतं ते स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला. या झोपेत मेंदू शरीराला बाहेरून कडी घालतो. स्वप्नात पळालो तर खरोखरच पळत सुटू नये म्हणून हातापायांचे स्नायू सैल सोडून दिलेले असतात. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू. आता झोप वेळीअवेळी झाली, अर्धवट तुटली, तर कधीकधी जाग आधी येते आणि कडी मागाहून निघते. मधल्या त्या मिनिटभरात खोली खरी असते आणि तिच्यात स्वप्नातली माणसं फिरत असतात. श्वास उथळ चाललेला असतो, मोठा घ्यायला जावं तर घेता येत नाही, म्हणून छातीवर वजन. उताणं झोपलं तर हे जास्त होतं. शंभरात आठेक जणांना जन्मात कधी ना कधी याचा अनुभव येतो. आणि पाळ्यांवर काम करणाऱ्यांना, रात्र रात्र अभ्यास करणाऱ्यांना जास्त येतो. पाचचा अलार्म लावून झोप मोडणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी तर त्याला घरी बोलावूनच आणला होता. दुसऱ्या कोणी अंगाला हात लावला की ही कडी बहुधा निघते, हेही आता डॉक्टर सांगतात. उजवा अंगठाच पाहिजे असं काही नाही.

मात्र एक गोष्ट काका सांगायचा ती मला कुठल्या लेखात सापडली नाही. जॉबरची भीती वाटायचीच, पण त्याहून वाईट म्हणजे घरातले आवाज ऐकू यायचे. आई भाजी चिरतेय, पोरं भांडतायत, वहिनी बोहारणीशी घासाघीस करतेय, आणि यातल्या कोणालाही माहीत नाही की आपण इथं दहा पावलांवर अडकलोय.

उन्हाळ्यात सगळा वाडा गच्चीवर झोपायचा. संध्याकाळी पाणी मारून गच्ची निववायची, मग सतरंज्या, गाद्या, कडेला माठ. माळव्यातली रात्र, शब-ए-मालवा, तिचं कौतुक फार जुनं आहे. दिवस कितीही तापो, मध्यरात्रीनंतर पायथ्याची चादर ओढून घ्यावीच लागते. इंदूरकराला मुळात लवकर झोपायचं वावडं. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर ओट्यांवर भुट्टे का कीस आणि जिलबी सुरू होते, आणि आमचे थोरले भाऊ ते खाऊन मध्यरात्री जिना चढायचे. तोवर गच्चीवर एक वेगळीच मैफल रंगलेली असायची. धाकटी आत्या दात खायची. एक चुलतभाऊ पाढे म्हणायचा, जागेपणी न येणारा एकोणिसाचा पाढासुद्धा. दुसरा उठून चालायला लागायचा, म्हणून त्याच्या पायाला आजीच्या पायाची दोरी. मला त्या वयात एकच स्वप्न वारंवार पडायचं, मी उठले, जिना उतरले, मोरीत गेले. सगळं इतकं खरं की शंका यायला जागा नाही. जिना मी उतरलेच नव्हते याचा पुरावा सकाळी गादीवर असायचा.

आजोबा झोपेत मारामारी करायचे. "धर, धर त्याला!" म्हणत हवेत गुद्दे. एकदा कठड्यावर हात आपटून बोटं सुजली. सकाळी सगळे विचारायचे, काल कोण आलं होतं, चोर की वाघ? आजोबा खरं खरं सांगायचे आणि आम्ही हसून लोळायचो. कडी उशिरा निघते तशी ती कधीकधी लागतच नाही. फ्रान्समध्ये ल्यों इथं मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला तेवढा भाग निकामी करून पाहिला, तर ती गाढ झोपेत उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांतला हा आजार अमेरिकेत १९८६ साली शेंक आणि महोवाल्ड यांनी नीट मांडला. पुढं असंही दिसून आलं की उतारवयात अशा हाणामाऱ्या करणाऱ्या पुष्कळांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा आजार गाठतो. आजोबांच्या हातातली बशी नंतर वाजायला लागली होती. चहा आधी बशीत, मग धोतरावर. वय झालं, म्हणालो सगळे. आता ओळखीत कोणी म्हातारं माणूस झोपेत लाथा मारतं असं कोणी हसत सांगितलं, तर मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवते आणि गप्पांचा विचका करते.

इंदूरच्या मिल एकामागून एक गेल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. काकाची त्याच्या आसपासच. पाळी सुटली, रात्रीची झोप रात्री मिळू लागली, जॉबर यायचा थांबला. पण डोळा लागतो न लागतो तोच काका ताडकन उठून बसायचा. भोंगा झाला म्हणायचा. झोपेच्या उंबरठ्यावर मेंदूत असा मोठा आवाज होतो काही जणांच्या, स्फोटासारखा, बाहेर काही नसताना. डॉक्टरांच्या लेखी त्यात काळजीचं कारण नाही. काका चपला घालायला उठायचा आणि काकू "अहो, झोपा आता" म्हणून दिवा घालवायची.

भाच्याचं म्हणणं, या सगळ्यावर इलाज म्हणजे स्वप्नाचा लगामच आपल्या हाती घेणं. त्यानं मला इंग्लंडातल्या हल विद्यापीठाची गोष्ट सांगितली. १९७५ साली कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन वर्स्ली नावाचा माणूस झोपला आणि स्वप्नात शिरल्यावर त्यानं आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून बाहेर खूण पाठवली. डोळ्यांना कडी नसते, म्हणून डोळे. २०२१ साली तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्या माणसांना स्वप्नातच प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती? एकानं झोपेत डोळे फिरवून उत्तर दिलं, दोन. ही बातमी भंवरकुआंच्या क्लासवाल्यांना कळू नये एवढीच माझी प्रार्थना आहे. झोपेची बॅच सुरू करतील, वर तिची वेगळी फी.

मी त्याची टर उडवली खरी, पण मागाहून गुपचूप खोड लावून घेतली. नाक वगैरे नाही, लोक काय म्हणतील! कालनिर्णय दोनदा वाचायचं. स्वयंपाकघरात येता-जाता तारीख वाचायची, मान वळवायची, पुन्हा वाचायची. पाचचा अलार्मही नाही. या वयात पाचला जाग येतेच.

आणि जमलं. वाड्याचं स्वयंपाकघर होतं, चुलीवरच्या दुधाला साय धरत होती, भिंतीवर कालनिर्णय. वाचलं, एकादशी. मान वळवली, पुन्हा वाचलं, अमावास्या. मला लख्ख कळलं. हा वाडा पाडून तिथं फ्लॅट झालेत, मी माझ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपलेय, आणि हे स्वप्न आहे. भाच्यानं बजावलं होतं, कळल्या कळल्या हरखून जायचं नाही, जाग येते. हात चोळायचे, एखादी वस्तू नीट बघायची. मी विळी बघितली. विळीवर आजी होती, दुधीच्या फोडी करत. इतक्या वर्षांत तिला विचारायचं किती साठलंय! तिच्या पुरणाचं माप, आजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव, तो अडकित्ता शेवटी कोणाकडे गेला. तिला सांगावं का, की आजी, हे स्वप्न आहे? पण दुधी अर्धा चिरून झाला होता. असलं काही ऐकून तिनं करायचं तरी काय?

तेवढ्यात तिनं मान वर न करता म्हटलं, "जा गं, आत काका कण्हतोय. अंगठा हलव."

मी गेले. पूर्ण शुद्धीत, सगळं माहीत असून गेले. माजघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि जाग आली. उडायचं राहिलं ते राहिलंच.