उजव्या टाचेचा जोर

“एमआरआयमध्ये काही सापडलं नाही म्हणून मला तुमच्याकडे पाठवलंय. म्हणजे मी नाटक करतेय, असंच ना?” मी मानसोपचारतज्ज्ञ असल्याचे सांगताच न्यूरॉलॉजी वॉर्डातील त्या रुग्ण महिलेने मला हा प्रश्न विचारला. त्या तिशीतील शिक्षिका होत्या. काही आठवड्यांपूर्वी जिन्यावरून घसरून त्यांचा उजवा घोटा मुरगळला होता. सूज उतरली, दुखणेही कमी झाले. मात्र त्याच सुमारास उजव्या पायातील शक्ती गेली आणि तो पलंगावरून उचलता येईनासा झाला. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय, नसांची तपासणी, रक्ताचे अहवाल, सारे काही ठीक होते.

त्यांचा राग मला रास्त वाटला. शरीरात काही सापडले नाही, म्हणून आजार मनाचा, असा निष्कर्ष काढणे हे निदान नव्हे. या पद्धतीचा इतिहासही फारसा अभिमानास्पद नाही. अशी लक्षणे ‘मानसिक’ ठरवल्या गेलेल्या रुग्णांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० च्या दशकातील अभ्यासांत यांपैकी सुमारे २९ टक्के निदाने पुढे चुकीची ठरली होती. १९७० नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर आले. आढावा घेणाऱ्यांनी या सुधारणेचे श्रेय स्कॅनला दिलेले नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. आज या आजाराचे, म्हणजे फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डरचे (मज्जासंस्थेची रचना शाबूत असूनही तिचे काम बिघडणे), निदान करायचे ते तपासणीत काय आढळते यावरून. काय आढळत नाही यावरून नव्हे. म्हणून मी आधी त्यांचा पाय पाहायचा ठरवला. मानसोपचारतज्ज्ञ पाय तपासू लागल्याचे पाहून त्यांच्या शेजारी बसलेल्या भावाला आश्चर्य वाटले असावे.

त्यांना उताणे झोपवून मी उजव्या टाचेखाली तळहात ठेवला आणि टाच खाली दाबायला सांगितली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, श्वास रोखला गेला, मांडी किंचित थरथरली. पण तळहाताला जवळजवळ काहीच जाणवले नाही. मग हात तिथेच ठेवून मी त्यांना उजवा पाय पूर्णपणे विसरायला सांगितले आणि डाव्या मांडीवर दुसऱ्या हाताचा दाब देऊन डावा पाय वर उचलायला लावला. डावा पाय वर येऊ लागताच उजवी टाच माझ्या तळहातावर इतक्या जोरात दाबली गेली की हात गादीत रुतला.

ही चाचणी अमेरिकी डॉक्टर चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ मध्ये वर्णन केली होती आणि तिला एका पलंगापलीकडे कोणतीही सामग्री लागत नाही. एक पाय उचलताना तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या नितंबाचे स्नायू आपोआप ताणले जातात. त्यासाठी वेगळी इच्छा करावी लागत नाही. मेंदूपासून स्नायूपर्यंतचा मार्गच तुटला असता, तर तो आपोआप येणारा जोरही आला नसता. आपल्या इच्छेने हालचाल करताना पाय लुळा आणि लक्ष दुसरीकडे असताना तोच पाय सशक्त, ही तफावत म्हणजेच फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डरची ठोस खूण आहे.

पूर्वी अनेक डॉक्टर ही खूण रुग्णाला ‘पकडण्यासाठी’ वापरत आणि तिच्याविषयी त्याला काही सांगत नसत. मी ती या शिक्षिकांना दाखवली. त्यांचा स्वतःचा हात उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगून तीच क्रिया पुन्हा करून घेतली. स्नायू घट्ट झालेला त्यांच्या बोटांना कळला, आणि त्यांनी मला आणखी एकदा करू का, असे विचारले.

“हे मी करत नाहीये,” त्या म्हणाल्या. त्यांचे हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फंक्शनल कंप (याच आजारात आपोआप येणारी थरथर) असलेल्या रुग्णांच्या मेंदूचे चित्रण, त्यांना कंप येत असताना आणि ते तोच कंप मुद्दाम आणत असताना, असे दोन्ही वेळा करण्यात आले. आजारातील कंपाच्या वेळी उजव्या बाजूच्या, शंख आणि पार्श्व खंडांच्या सीमेवरील भागाची क्रिया कमी आढळली. ‘ही हालचाल माझी आहे’ या जाणिवेशी हा भाग निगडित आहे. कंप वरवर सारखाच दिसत असला, तरी सोंग करणारा मेंदू आणि आजारी मेंदू यांत फरक आढळला. मी हे त्यांना सांगितले. पण रंगीत ठिपक्यांची चित्रे दाखवली नाहीत. ती चित्रे अनेक रुग्णांच्या सरासरीतून तयार होतात, त्यांवरून एका व्यक्तीचे निदान करता येत नाही, आणि मेंदूच्या चित्राला लोक जितका मान देतात तितका त्याला अद्याप मिळायला नको, असे माझे मत आहे.

“हिला कसलं टेन्शन आहे, ते एकदा शोधून काढा म्हणजे झालं,” असा भावाचा आग्रह होता. रुग्णाच्या आयुष्यात मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही अट मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने (डीएसएम-५) २०१३ मध्येच काढून टाकली आहे. पुष्कळ रुग्णांत आघात असतो, काहींत नसतो, आणि नसलेला शोधण्याच्या नादात रुग्णाचा विश्वास मात्र जातो. मी पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांविषयी विचारले. तेव्हा त्यांची छाती धडधडली होती, हातपायांना मुंग्या आल्या होत्या आणि पाय ‘आपला नाहीच’ असे वाटले होते. दुखापत, तिच्यासोबत आलेला भीतीचा झटका, आणि त्यानंतर पाय टेकवताना त्याच्यावर खिळून राहिलेले लक्ष, एवढी साखळी मला उपचार ठरवायला पुरेशी होती.

फिजिओथेरपिस्टशी बोलून व्यायामाचा क्रम उलटा केला. उजव्या पायाची शक्ती वाढवण्याऐवजी लक्ष त्याच्यावरून हटवायचे ठरले: उलटे चालणे, तालावर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, चालताना मोठ्याने आकडे मोजणे. उलटे चालताना त्यांचा पाय पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी उचलला गेला, समोर चालताना मात्र फरफटत राहिला. माझ्या वाट्याचे काम भीतीच्या झटक्यांवर आणि पायावर सतत पहारा ठेवण्याच्या सवयीवर होते. त्या काठीच्या आधाराने घरी गेल्या. पुढे काठी सुटली, एकदा तापाच्या आजारात लक्षण परत आले, आणि तेच व्यायाम त्यांनी घरी स्वतः सुरू केले. सर्वांना इतका गुण येत नाही. काही रुग्णांत हा आजार वर्षानुवर्षे टिकतो.

डिस्चार्ज कार्डावर मी निदानासोबत हूव्हरची खूण कशी आढळली तेही लिहिले, म्हणजे पुढच्या वेळी तातडीच्या विभागातील डॉक्टरला त्याच स्कॅनची फेरी पुन्हा करावीशी वाटू नये. त्याखाली आणखी एक सूचना लिहिली: लक्षण नवे किंवा वेगळे असेल, तर नव्याने पूर्ण तपासणी करावी, कारण हा आजार असलेल्या व्यक्तीला अपस्मार (फिट येणे) किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजारही होऊ शकतो. कार्डाची एक प्रत त्यांनी मागून घेतली आणि भावाला वाचायला दिली.