बेसला एक लाइन

फोनवरचा माणूस म्हणाला होता, "जॅझवाले चार जण आहेत. सॅक्सोफोन, कीबोर्ड, ड्रम आणि बेसला एक लाइन लागेल." मी वहीत लिहून घेतलं, 'बेस जास्त'. आणि टेम्पोत नेहमीच्या दोनांऐवजी अठरा इंची चार बेस चढवले. साउंडवाल्याला बेस म्हटलं की खोकाच दिसतो.

वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राला लागून माडाच्या बागेत एक होमस्टे आहे, तिथे हा कार्यक्रम होता. मुंबईच्या एका डॉक्टरांचा साठावा वाढदिवस. आम्ही चौथा खोका वाळूतून ओढत होतो तेवढ्यात गोव्याची गाडी आली. मागचं दार उघडून सत्तरीचे एक अंकल माणसाएवढं लाकडी वाद्य बाळंतिणीला उतरवावं तसं हळूच खाली घेत होते. त्यांनी माझे खोके पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या वाद्याच्या पोटावर थाप मारून म्हणाले, "पात्रांव, बेस हो!"

मी बावीस वर्षं साउंडच्या धंद्यात आहे. दशावतार, दोन बुवांच्या भजनांचा सामना म्हणजे डबलबारी, हळदी, लग्नं, हरिनाम सप्ताह, प्रचारसभा. जॅझ मात्र कधी केलं नव्हतं. ऐकलं होतं एकदोनदा गोव्याच्या हॉटेलांत, आणि आवडलं नव्हतं. त्यात आदल्या रात्री वेतोऱ्याजवळच्या एका वाडीत डबलबारी होती. पहाटे पाचला दुसऱ्या बुवांनी भैरवी घेतली, मग केबल गुंडाळल्या, चहा घेतला तो थेट इकडेच. झोप शून्य.

साउंड चेकलाच पहिली ठिणगी पडली. आमच्या भजनात इको म्हणजे मीठ. माइक हातात आला की बुवा पहिलं वाक्य बोलतात ते "इको वाढव रे". त्या सवयीने मी सॅक्सोफोनला इको दिला, चांगला दोन वेळा परत येईल एवढा. वाजवणारा मुंबईचा तरुण मुलगा, त्याने दोन सूर काढले आणि थांबला. "दादा, हा इको काढा." मी अर्धा केला. "पूर्ण काढा." पूर्ण काढला. आता आवाज कसा, तर पाहुण्यांसमोर उघड्या अंगाने उभं राहिल्यासारखा. मला लाज वाटली, त्याला बरं वाटलं. ड्रमवाल्याने माइकच नको सांगितलं. त्याच्या हातात काठ्यांऐवजी तारांचे ब्रश होते आणि अंगणात वाढवण फिरवावी तसे तो ते कातड्यावर फिरवत होता. सर्र, सर्र. माझे चार बेस नुसते उभे होते.

पाहुणे जमले, दिवे लागले आणि वाजवायला लागले. पाचेक मिनिटांनी माझा भाचा कानाशी आला. "मामानू, ह्येंचा चुकता हा, की ह्या असाच?"

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. लोक म्हणतात, तुला आवडत नाही कारण तुला कळत नाही. पण माझं दुखणं कुठे होतं ते मला नेमकं सांगता येतं. आमचे कान समेवर वाढलेले. पखवाजाची थाप समेवर पडली की अख्ख्या मंडपाची मान एकदम खाली जाते. इथे ड्रमवाल्याच्या पायाखालची झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजत होती, म्हणजे माझी मान पडते तिथे काहीच नाही आणि मी सावरून बसलो की टिचकी. दुसरं म्हणजे षड्ज. पेटीवर भाता चालू असला की 'सा' पायाखाली जमिनीसारखा असतो, मग गाणारा कुठेही भटको. इथे कीबोर्डवाला चार मात्रांच्या दर एकदोन घरांना पायाखालची फळीच बदलत होता. शेजारी उभे असलेले एक पाहुणे मला समजावत होते की हे आपल्या रागदारीसारखंच, सगळं ऐनवेळी सुचलेलं. सुचत असेल. पण होडीत उभं राहणं आणि ओटीवर बसणं सारखं कसं?

आता मुख्य गोष्ट.

तिसरं की चौथं गाणं होतं. अगदी संथ. वाजवता वाजवता सॅक्सोफोनवाला थांबला आणि बाजूला झाला. कीबोर्डवाल्याने हात मांडीवर घेतले. ड्रमवालाही गप्प. मी माडाच्या बुंध्याशी मिक्सर लावून बसलो होतो, डोळे मिटत होते. मला वाटलं, संपलं. यजमानांनी बजावून ठेवलं होतं की मधल्या वेळात सुनं वाटता कामा नये, पेनड्राइव्हवरचं काहीतरी हळू लावा. मी बटण दाबलं.

पेनड्राइव्ह कालचाच होता. चॅनलही कालच्याच सेटिंगवर.

पखवाज, वीसेक टाळ आणि कोरसचा 'विठ्ठल विठ्ठल' असा चढत्या लयीतला गजर चार अठरा इंची बेसमधून फुटला. इकोसकट. पुढच्या टेबलावरच्या बाईंच्या हातातला ग्लास कलंडला. माडावरचे कावळे उठले. स्वयंपाकघरातून सुरमई तळणाऱ्या दोघी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि एक दुसरीला म्हणाली, "आता सुरू झाला वाटता." मला फेडर, म्हणजे आवाज वरखाली करायची सरकती कळ, सापडेना. चारपाच सेकंदच असतील, पण त्यात गजराची एक अख्खी ओळ झाली.

बंद केलं तेव्हा कळलं की अंकल वाजवतच होते. तो त्यांचा एकट्याचा वाजवायचा वेळ होता. बोटांनी, इतकं हळू, की माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. कारण त्यांचा फेडर मी खाली ठेवला होता. मला तो साथीचा आवाज वाटला होता ना.

सॅक्सोफोनवाला मध्यंतरात माझ्यावर धावूनच आला. "तुम्हाला ऐकू येत नाही का?" यावर साउंडवाल्याने काय उत्तर द्यायचं? अंकलनी त्याला खांद्याला धरून पाणी प्यायला पाठवलं आणि माझ्या शेजारच्या खोक्यावर बसले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मिक्सरवर मी नावं लिहायला पांढरी पट्टी चिकटवतो. तिच्यावर त्यांनी पेनाने चार चौकोन काढले. अर्धं कोंकणी, अर्धं मराठी. एकेका चौकोनात आठ घरं, एकूण 32. पहिला आणि दुसरा चौकोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा परत पहिल्यासारखा. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवणार, मग त्याच 32 घरांवर एकेक जण आपलं आपलं वाजवणार, शेवटी परत चाल. सगळीच गाणी अशी नसतात, पण आज रात्रीची बरीचशी आहेत, असं म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे ध्रुवपद दोनदा, मग अंतरा, मग परत ध्रुवपद."

ते जरा थांबले. "तशें म्हण."

उत्तरार्धात मी डाव्या हाताची पेरं मोजत बसलो. तिसरा चौकोन आला की फळ्या बदलल्याचं खरंच कळायचं, अंतऱ्याला कळतं तसं. सॅक्सोफोनवाल्याने तीन फेऱ्या घेतल्या, कीबोर्डवाल्याने दोन. दुसऱ्या फेरीचा चौथा चौकोन संपत आला तसं माझं बोट बेसच्या फेडरवर गेलं आणि अंकलचा पहिला सूर पडायच्या आत आवाज वर होता. त्यांनी न बघता एक भुवई उचलली. बावीस वर्षांत मिळालेल्या शाबासक्यांत ही मी वरच्या नंबरला ठेवीन. मजा आली, नाकारत नाही. पण ती मोजण्याची मजा होती. नंतर घरी भाच्याच्या मोबाइलवर तेच रेकॉर्डिंग ऐकलं, बोटं न मोजता. परत तेच, होडी.

जेवताना अंकलनी आणखी एक डाव टाकला. मला कुठली गाणी आवडतात ते विचारलं. मी म्हटलं, 1951 च्या 'अलबेला'तली, सी. रामचंद्रांची. आमचे बुवा त्यातल्या एका चालीवर गवळण म्हणायचे आणि माझे वडील, जे पखवाजाला कणीक लावताना कुणाशी बोलायचे नाहीत एवढे कर्मठ, ते तेवढ्या गवळणीपुरते पखवाज दुसऱ्याकडे देऊन मंडपाबाहेर जाऊन बसायचे. "ही देवाची चाल न्हय," म्हणायचे. अंकल हसले. म्हणाले, त्या सिनेमात पडद्यावरच ट्रंपेट घेऊन चिक चॉकलेट दिसतो, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोंयकार, मुंबईतला जॅझवाला. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, अमेरिकेतल्या त्या बड्या जॅझ ट्रंपेटवाल्यावरून. तेव्हाच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत अशी गोव्याची माणसं भरलेली होती. म्हणजे तू लहानपणापासून जॅझवाल्यांचंच ऐकत आलायस.

हे मला माहीत नव्हतं, आणि ऐकून बरं वाटलं. पण नारळ आवडतो म्हणून कोणी खोबरेल पीत नाही. तसं मी म्हटलंही. त्यावर त्यांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि विषय संपवला.

सामान चढवताना भाच्याने गाडीत कालची डबलबारी लावली. अंकल वाद्याला गवसणी घालत होते. पाचेक मिनिटं त्यांनी खरंच कान देऊन ऐकलं. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"म्हाका आवडना," ते म्हणाले. "सगळे एकाच वेळार वाजयतात. कोण थांबनाच."

इतकं सरळ उत्तर मला त्या रात्री दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तो बेस गाडीत आडवा सरकवला. मान त्यांच्या बाजूला, पोट माझ्या बाजूला.

यजमानांनी पाकिटातून पाचशे कापले. गजराचे, म्हणाले. मी वाद घातला नाही.

शिरोडा नाक्यापर्यंत भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मामानू, परत बोलावल्यानी तर जाशात?"

"जाईन की. पेनड्राइव्ह तेवढा घरात ठेव."