फ्लॉइड रोजवर नऊ लावायच्या का दहा

कोजागिरीच्या आदल्या रात्री साडेनऊला मी माझ्या फ्लॉइड रोजवाल्या गिटारच्या (म्हणजे तारा अडकतात तो ब्रिज जिच्यावर घट्ट न बसवता तरंगता, फ्लोटिंग असतो) तारा बदलायला बसलो आणि उठलो पावणेदोनला. झालं काय, तर दुकानात ९-४२ चा सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागाच्या नऊपट जाड, सगळ्यात जाड तार बेचाळीसपट) संपला होता आणि मी म्हटलं जाऊ दे, १०-४६ घेऊ, पहिल्या तारेत इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक, त्याने काय होतंय.

साधा फिक्स ब्रिज असता तर खरंच फार काही झालं नसतं, फार तर ट्रस रॉडला (मानेतल्या सळईला) जरासा पीळ द्यावा लागला असता. पण फ्लोटिंग ब्रिज म्हणजे तराजू आहे हो. एका पारड्यात सहा तारा, दुसऱ्यात मागच्या खाचेतल्या तीन स्प्रिंगा, आणि मधे ब्रिज दोन स्क्रूंवर धारेने टेकलेला. २५.५ इंच स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर स्टँडर्ड ट्यूनिंगला, म्हणजे नेहमीच्या सुरांत, ९-४२ च्या सहा तारा मिळून साधारण ३८-३९ किलोने ओढतात, १०-४६ च्या ४७ किलोने. आठेक किलो जास्तीचं वजन एका पारड्यात टाकलं आणि दुसऱ्याला हातच लावला नाही, मग व्हायचं तेच झालं. लो ई (सगळ्यात जाड तार) सुरात आणली, मग शेजारची ए आणली तर तेवढ्यात ई उतरली, ई परत वर घेतली तर ए गेली, असं करत सगळ्यात बारीक हाय ईपर्यंत पोचलो तेव्हा लो ई जवळपास डीवर आणि ब्रिजचं बूड हवेत, बाराव्या फ्रेटवर तारेखालून बॉलपेनची रिफील सरकेल एवढी ॲक्शन, म्हणजे तारेची उंची. आई पाणी प्यायला उठली होती, म्हणाली, अरे तासभर नुसतं टुंग टुंग चाललंय, वाजव तरी काहीतरी.

शेवटी जे केलं ते आधीच करायला हवं होतं. मागचं कव्हर काढायचं, स्प्रिंगा जिला अडकवलेल्या असतात त्या पट्टीचे दोन्ही स्क्रू गरजेपेक्षा जरा जास्तच आवळायचे, आणि ब्रिजच्या मागच्या बाजूखाली पत्त्यांची चळत घालून तो सपाट राहील असा अडवायचा (मी रमीच्या कॅटमधले जोकर धरून चौदा पत्ते घातले, तुमच्याकडे कमीजास्त लागतील). आता ब्रिज हलत नाही, त्यामुळे सगळ्या तारा शांतपणे सुरात आणता येतात. मग दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जायचं, आणि पत्ते स्वतःहून मोकळे झाले की थांबायचं. तराजू जुळला. नट (मानेच्या टोकाला तारा आवळून धरणारा भाग) लॉक करायची घाई मात्र करू नका, आधी तारा हाताने नीट ताणून घ्या, परत ट्यून करा, मग ॲलन की.

बरं, आता मूळ प्रश्न, गेज (तारांची जाडी) कुठला. बहुतेक जण बोटांचा विचार करतात, नऊ मऊ लागतात आणि दहाचा आवाज भरीव येतो वगैरे. ते आहेच, पण फ्लॉइडवर बेंड करताना (तार बोटाने आडवी ढकलून सूर चढवताना) ब्रिजही थोडा पुढे झुकतो, म्हणजे त्याच सुरापर्यंत जायला तार फिक्स ब्रिजपेक्षा जास्त ढकलावी लागते, म्हणून इतर गिटारवर दहा वापरणारे कितीतरी लोक इथे नऊवर येतात. रिफ (जाड तारांवरचे परत परत येणारे तुकडे) जास्त वाजवत असाल तर ९-४६ पण मिळतो, बारीक तीन नऊच्या सेटमधल्या आणि जाड तीन दहाच्या, ओढ साधारण ४३ किलो. मला तो आवडतो पण आमच्याकडे दुकानात दर वेळी असेलच असं नाही, आणि फ्लॉइडवाल्याने आज हा उद्या तो करणं म्हणजे दर वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणं. काहीही घ्या, पण एकदा ठरवलं की दोन पाकिटं जास्तीची घरात ठेवा.

माझ्यापुरतं गणित आमच्या गायिकेने सोडवलं. तिला सगळी गाणी अर्धा सूर खाली लागतात. अर्धा सूर उतरवला की ओढ साधारण ११ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे १०-४६ चे ४७ किलो होतात ४२. स्टँडर्डमधल्या नऊपेक्षा तीनेकच किलो जास्त, स्क्रू थोडेसेच फिरवावे लागतात आणि तार लिबलिबीत पण वाटत नाही. तेव्हापासून ही गिटार कायम ई फ्लॅटवर आणि दहावरच आहे.

बासवाला अजून अधूनमधून म्हणतो, एका गाण्यापुरतं लो ई खाली घे ना, ड्रॉप करू. एक तार सैल केली की बाकीच्या पाच चढतात रे बाबा, दहा वेळा सांगून झालं. त्या गाण्याला मी दुसरी गिटार घेतो.