तुम्ही विचारलंत म्हणून : दौंडला गाडीचं तोंड का फिरतं?

पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. दौंडला गाडी इतका वेळ का थांबायची, आणि निघताना आलो त्याच दिशेनं परत का जायची? मागोमाग दुसराही येतो : भीमेकाठी शेतशिवारात हे रेल्वेचं शहर वसलं कसं? दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे, म्हणून एकत्रच सांगतो.

पुण्याची लाइन हडपसर, उरुळी, केडगाव, पाटस करत पूर्वेला दौंडला येते आणि पुढे सोलापूरला जाते. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, हिनं हे रूळ बोरघाट पुरा व्हायच्या आधीच टाकले. खंडाळा-पुणे गाडी 1858 मध्ये सुरू झाली, 1860 मध्ये रूळ सोलापूरला पोचले आणि घाट खुला झाला 1863 मध्ये. तोवर खोपोली ते खंडाळा हा टप्पा लोक पालखीनं नाहीतर तट्टावरून चढत होते. दौंड तेव्हा वाटेवरचं एक स्टेशन, एवढंच.

खरं दौंड घडलं ते 1878 च्या दौंड-मनमाड लाइनीमुळे. जीआयपीचे दोन फाटे कल्याणला फुटतात. एक थळघाटानं मनमाड-भुसावळकडे जातो, दुसरा बोरघाटानं पुणे-सोलापूरकडे. सोलापूरकडचा माल उत्तरेला न्यायचा तर आधी बोरघाट उतरायचा, कल्याण गाठायचं आणि पुन्हा थळघाट चढायचा. घाटातला चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढं सरकलं की एक फूट वर. जोडीला जादा इंजिनं लावल्याशिवाय तिथं जड गाडी हलत नाही. सुमारे 236 किलोमीटरच्या नव्या लाइनीनं हे दोन्ही घाट टळले आणि माल पठारावरून थेट जाऊ लागला. काम निघालं ते 1876-78 च्या दुष्काळात, आणि तिच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. दौंडच्या इतिहासात हे ठळकपणे लिहिलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लाइन कुणासाठी आखली हे एकदा ध्यानात आलं की तोंड फिरण्याचं कोडं उरत नाही. नगरकडचे रूळ दौंड स्टेशनच्या पश्चिम टोकाला, पुण्याच्या बाजूला, येऊन मिळतात. सोलापूरकडून येणारी कर्नाटक एक्सप्रेस म्हणूनच दौंडातून सरळ नगरकडे निघते. पुण्याहून सुटणाऱ्या झेलम एक्सप्रेसला मात्र स्टेशनात शिरून, इंजिन मागच्या टोकाला लावून, पुन्हा पश्चिमेकडूनच बाहेर पडावं लागायचं.

इंजिन फिरवणं म्हणजे नुसतं काढून लावणं नव्हे. गाडी उभी राहिली की पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारा आणि डबे जोडणारा-सोडणारा कर्मचारी, इंजिन आणि पहिला डबा यांच्यामध्ये उतरतो. दोन्ही बाजूंचे अँगल कॉक, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या पाइपांच्या तोट्या, बंद करतो, हवेचे होज पाइप सुटे करतो, मग कपलिंग सोडतो. इंजिन पुढं जाऊन सांधे बदलून शेजारच्या लाइनीनं दुसऱ्या टोकाला येतं आणि हलकेच डब्याला टेकतं. पुन्हा कपलिंग, पाइप, कॉक उघडणं. ब्रेक पाइपमध्ये 5 आणि फीड पाइपमध्ये 6 किलो दाब भरायला वेळ लागतो, आणि घाई इथंच चालत नाही. इंजिनालगतचा कॉक बंद राहिला तर लोको पायलटच्या गेजवर दाब बरोबर दिसतो, पण ब्रेक लावला की तो फक्त इंजिनाला लागतो, मागची सगळी गाडी मोकळी! म्हणून गार्ड आपल्या डब्यातून दाब सोडून बघतो आणि पुढच्या गेजचा काटा पडला तरच गाडी अखंड जोडली गेली असं मानतात. शेवटच्या डब्यावरची एलव्हीची (लास्ट व्हेइकल) पाटीसुद्धा या टोकाची त्या टोकाला न्यावी लागते, नाहीतर पुढचा स्टेशनमास्तर गाडी पुरी आली असं धरणार नाही.

वाफेच्या काळात याच्या जोडीला पाणी, कोळसा आणि राख काढणं होतं. त्यासाठी फिटर, फायरमन, खलाशी, शंटिंगची माणसं आठही प्रहर हाताशी लागत. गाडीची वेळ झाली की कॉलबॉय घरी जाऊन ड्रायव्हरला उठवायचा, म्हणजे क्वार्टर्स स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरच हवीत. कॉलनी, रनिंग रूम (ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीची जागा), अँग्लो-इंडियन कुटुंबं, चर्च, बाजार हे सगळं या गरजेतून आलं. बारामतीचा फाटाही इथूनच निघाला. पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आले, कुरकुंभला रासायनिक कारखाने आले आणि शहराला रेल्वेबाहेरचा पगार मिळू लागला. तरी दौंड पुणे जिल्ह्यात असून रेल्वेच्या हिशोबी वर्षानुवर्षं सोलापूर विभागात होतं. पुण्याला रोज नोकरीला जाणाऱ्यांच्या लोकलच्या मागणीचे कागद त्यामुळे दुसऱ्याच शहरात फिरायचे.

आता पुण्याच्या बाजूची लाइन नगरच्या लाइनीला शहराबाहेरच जोडणारी कॉर्ड लाइन झाली आहे. तिच्यावरून जाणाऱ्या गाड्यांचं तोंड फिरत नाही, वेळ वाचतो. लांबच्या प्रवाशाला ते सोयीचंच. पण त्या गाड्या मुख्य स्टेशनात येत नाहीत, दौंडकराला रात्री-अपरात्री रिक्षा करून बाहेर जावं लागतं, आणि थांब्यावर जगणाऱ्या चहावाल्यांचं, हमालांचं गिऱ्हाईक तुटतं. कॉर्ड लाइन ते जंक्शन अशी गाड्यांच्या वेळांना धरून बस हवी, ही मागणी अगदी रास्त आहे. तोवर तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा : ‘दौंड जंक्शन’ आणि ‘दौंड कॉर्ड लाइन’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आणि पुढची गाडी जंक्शनवरून असेल तर मध्ये रिक्षाचा वेळ धरूनच बेत आखा.