कर्लीच्या खाडीत, बोटींच्या वेळा चुकवून

तारकर्ली संपली की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना पाणी येतं. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदीची खाडी. मधली देवबागची पट्टी काही ठिकाणी इतकी चिंचोळी आहे की पुढच्या अंगणात समुद्राची गाज ऐकावी आणि मागच्या दारातून खाडीत होडी लोटावी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. समोर भोगवे. अलीकडे मालवण तालुका, पलीकडे वेंगुर्ला.

कर्लीबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. आमचं आजोळ याच खाडीच्या वरच्या अंगाला, काळशाला. यंदा नाताळच्या सुट्टीत भाचरांना घेऊन गेले ती त्यांनी मोबाइलवर बघितलेलं 'सुनामी आयलंड' दाखवायला. जाणाऱ्यांनी काय करावं आणि काय टाळावं ते या निमित्ताने लिहून ठेवते.

पोचण्याचं सोपं आहे. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं; कोकणकन्या, तुतारी दोन्ही थांबतात. तिथून नेरूरपार, धामापूर, चौके करत मालवण, आणि मालवण स्टँडवरून देवबागची एसटी किंवा रिक्षा. विमानाने येणाऱ्यांसाठी चिपीचा विमानतळ आहे, पण उड्डाणांचा भरवसा धरून सुट्टी आखू नका. स्वतःची गाडी असेल तर नाताळ आणि मे महिन्यात सकाळी नऊच्या आत देवबागच्या रस्त्याला लागा. समोरून मोठी बस आली की एक गाडी कुणाच्या तरी कुंपणात घालावी लागते, आणि कुंपणवाला बिचारा काही बोलतही नाही, कारण त्याच्याही घरी पाव्हणे उतरलेले असतात.

आम्ही खाडीच्या काठच्या एका घरी उतरलो होतो. पहाटे उठून मागे गेलं तर पाणी एकदम निवांत. एक म्हातारबाबा उथळ पाण्यात उभे राहून पाग टाकत होते. जाळं खांद्यावर घेतलं, एक कडा दातात धरली, कंबरेतून वळले आणि पाग गोल उघडून पडला. ओढला तेव्हा आत चार-पाच शेवटे (खाडीतले मासे) आणि मूठभर सुंगटं, म्हणजे कोळंबी. तिवरांवर बगळे, वर ब्राह्मणी घार. साडेसातला त्यांनी जाळं गुंडाळलं. "काकानू, इतक्यात?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "आता बोटी सुटतले. जाळा टाकला तर पंख्यात जाता, नाय टाकला तर घरात काय येणा नाय."

साडेआठपासून खरंच बोटी सुटायला लागल्या. दहाच्या सुमारास संगमाकडच्या किलोमीटरभर पाण्यात जे चालतं ते एकदा काठावरून बघाच, बोटीत बसायच्या आधी. पर्यटकांच्या बोटी रांगेने तोंडाकडे जातात, जेट स्की मधूनच आडवी काढतात, बनाना राईड ओढणारी स्पीडबोट मुद्दाम वळण घेऊन माणसं पाण्यात पाडते. प्रत्येक बोटीमागे लाट निघते आणि काठाला येऊन आपटते. समुद्राच्या बाजूला लाटेचं कुणाला काही नवल नाही, पण खाडीचा काठ मऊ चिखलाचा असतो. तो धरून ठेवायला तिवर, कांदळ, चिपी ही खारफुटीची झाडं असतात आणि त्यांच्या बाळरोपांना मूळ धरायला शांत पाणी लागतं. आम्ही होतो तिथून जरा पुढे काठ सुरीने कापल्यासारखा उभा तुटलाय आणि तिवराची मुळं उघडी पडून हवेत लोंबतायत. भाच्याने तिथे फोटो काढला, 'भारी आहे ना!' म्हणत. भारी होतं खरं.

सगळा दोष पर्यटनाच्या माथी मारणं मात्र सोपं आणि चुकीचं. कर्लीचा तळ राईडवाल्यांनी नाही खरवडला, ते काम वाळूच्या उपशाने वर्षानुवर्षं केलं. समुद्रातली मासळी कमी झाल्याची रड तर पर्सनेटची मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी यांच्या भांडणांपासून चालू आहे. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढे एमटीडीसीच्या निवास-न्याहरी योजनेतून घराघरांत खोल्या निघाल्या, आणि मासेमारीतून भागत नव्हतं त्या घरांना हातात रोख पैसा दिसला. मुंबईच्या चाळीत आणि गोव्याच्या हॉटेलांत गेलेली पोरं परत आली. पागवाल्या काकांना मी जेट स्कीबद्दल जरा तावातावानेच बोलले, तर ते हसले. "माझोच झील बोट चालवता. कोणाक बोलू?"

इथली अडचण ही आहे. बाहेरचा कुणी येऊन खाडी नासवतोय असं म्हणता आलं असतं तर भांडण सरळ झालं असतं. इथे पहाटे बाप जिथे पाग टाकतो, तिथेच दहा वाजता मुलगा बोट चालवतो. भांडण एकाच घरात, एकाच पाण्यावर, आणि ते मिटवायला वेळ वाटून घेण्याशिवाय दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. ती वेळ ठरते मात्र आपल्यामुळे. आपण सगळे नाश्ता करून दहाला बाहेर पडतो, एकाच ठिकाणी जातो आणि दीडच्या आत जेवायला परत यायचं म्हणतो.

आता सुनामी आयलंड. ते बेट म्हणजे संगमावरचा वाळूचा दांडा. 2004 च्या सुनामीनंतर वर आला असं गावात सांगतात. नदीची वाळू आणि समुद्राच्या लाटा मिळून तो घडवतात, म्हणून त्याचा आकार दरवर्षी बदलतो. ओहोटीला कोरडा, भरतीला गुडघाभर-कमरेभर पाण्यात. गर्दीच्या दिवसांत या दांड्यावर मॅगी, चहा, भेळ, नारळपाणी सगळं मिळतं. टपऱ्यांचे पाय पाण्यात आणि गिऱ्हाइकांचेही. पाणी चढायला लागलं की प्लेट आणि चमचे आपोआप 'साफ' होतात. कचऱ्याचा डबा होता, पण तो अर्ध्या तासाने तरंगायला लागला.

जायचंच असेल तर पॅकेजवाल्याच्या वेळेला न जाता तिथी बघून जा. दिनदर्शिका काढा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास इथे भरती साधारण दुपारच्या तोंडावर येते, म्हणजे ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दांडा पाण्याखाली; तेव्हा संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, उधाणाच्या ओहोटीत वाळू सगळ्यांत जास्त उघडी पडते. अष्टमीच्या आसपास उलटं होतं, ओहोटी दुपारकडे सरकते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे जाते, तेवढा हिशोब करा आणि नेमकी वेळ गावातल्याच माणसाकडून पक्की करून घ्या. ओहोटीत वाळूत हात घालून तिसऱ्या आणि मुळे (शिंपल्या) वेचणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांच्या बाजूने चाला, मधून नको. त्यांचा तेवढाच तास असतो. ओहोटी लागली असताना संगमाच्या तोंडाशी पोहायला उतरू नका. नदीचं आणि खाडीचं पाणी एकदम बाहेर ओढलं जातं आणि वाळूचा उतार पायाखालून अचानक संपतो.

बोट घेताना मला सगळ्यांत उपयोगी पडलेला प्रश्न: 'वल्हवायची होडी आहे का?' काठावरच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बैलगाडी मागितली. शेवटी आम्ही राहिलो होतो त्या घरच्या मावशींनी दिराला हाक मारली. सकाळी सहाला निघालो, तोंडाकडे न जाता उलट वर, तारकर्लीच्या मागच्या अंगाने. तासाभरात काळ्या टोपीचा खंड्या दिसला, चिखलावर पाणमांजराच्या पायाचे ठसे दिसले (पाणमांजर नाही दिसलं) आणि सगळ्यात नवल म्हणजे भाचरं गप्प बसली. इंजिनाची बोट घेतलीत तरी तिवरांजवळ 'हळू घ्या' म्हणून सांगा. बोटवाला घेतो. त्याला वेगाची हौस नसते, पुढच्या फेरीची घाई असते, ती अर्ध्या तासाचे जास्त पैसे देऊन सुटते.

डॉल्फिनच्या फेरीचं माझं मत वाईट आहे. इथे किनाऱ्यालगत दिसतात ते कुबडवाले डॉल्फिन. एक पाठ दिसली की चारी बाजूंनी बोटी धावतात आणि मग अर्थातच काही दिसत नाही. इंजिन बंद करून लांब थांबायला तयार असेल त्याच्याच बोटीत बसा. 'सीगल'च्या ठिकाणी पुढच्या बोटीतून शेव उधळत होते. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आलेले कुरव तळलेल्या बेसनावर जगवायचे, यात मजा काय ते मला कळलं नाही. आणि हे सगळं अभयारण्यात आहे अशीही अनेकांची समजूत असते. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, ते 29.12 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात. कर्लीची खाडी त्यात येत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल हयगय नको. 24 मे 2022 ला तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. बोटीवर मेरीटाईम बोर्डाचा परवाना आणि माणसांची संख्या लिहिलेली असते, ती वाचा आणि त्यापेक्षा एक जरी जास्त असेल तर खाली उतरा. जॅकेटचा बक्कल लावून बघा, नुसतं अंगावर अडकवलेलं उपयोगाचं नाही. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत हे खेळ बंद असतात. त्या काळात कुणी 'गुपचूप नेतो' म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

पाण्याचं थोडं सांगते, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. देवबागच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून असतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. एका घरापुरती विहीर दहा खोल्यांना पुरवली की आंघोळीला मचूळ पाणी मिळतं, तसं आम्हालाही मिळालं. त्याच वाळूत शौचखड्डेही आहेत. म्हणून पोहण्याचा तलाव असलेलं ठिकाण टाळा, बाजूला दोन-दोन पाणी असताना तो कशाला हवा? टॉवेल-चादरी रोज बदलायला सांगू नका आणि प्यायच्या पाण्याची मोठी बाटली घरूनच न्या.

एक दिवस जास्तीचा असेल तर परतताना नेरूरपारच्या पुलावर थांबून वालावलला जा. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारचं तळं आणि खाली तीच कर्ली, एकही जेट स्की नसलेली. कांदळवन नीट बघायचं असेल तर वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडीतून फिरवतात, झाडांची नावं सांगतात. आधी फोन करून भरतीची वेळ विचारा, ओहोटीत होडी आत जात नाही.

जेवणाचं आदल्या रात्री सांगून ठेवा. सुरमई-पापलेट कुठेही मिळतं आणि त्यातलं बरंचसं बाहेरून येतं. 'खाडीतलं जे गावेल ते द्या' असं सांगितलं तर मावशी खुश होतात आणि पहाटेच्या पागालाही गिऱ्हाईक मिळतं. आम्ही कुर्ल्या मागितल्या होत्या, त्या नाही गावल्या. शेवट्यांचं तिखलं मिळालं, काटे जरा जास्त असतात, लहान मुलांना भरवताना सांभाळा.